पडद्यावरील पीच आणि राज्याची तिजोरी

इंग्रजी चित्रपट संपतो, काळ्या पडद्यावर नांवांची लांबलचक यादी वर सरकूं लागते आणि घरांतील मंडळी पांघरुणें आवरून निजावयास निघतात. ती यादी शेवटपर्यंत पाहणारा मनुष्य विरळाच. परंतु ज्यांनीं कधीं कुतूहलानें ती पाहिली असेल, त्यांस कित्येक वेळां अगदीं तळाशीं एक लहानसें पीचचें फळ आणि त्याच्याशेजारीं जॉर्जिया हें नांव दिसलें असेल. ‘ब्लॅक पँथर’सारखा चित्रपट काय किंवा ‘द वॉकिंग डेड’सारखी मालिका काय, घरांतील तरुण मंडळींनीं हें फळ पाहिलेलें असतें, मात्र तें तेथें कां येऊन बसलें, हें विचारण्याची बुद्धि फारशी कोणास होत नाहीं. तें कंपनीचें बोधचिन्ह नव्हे आणि फळविक्याची जाहिरातही नव्हे. चित्रपट काढण्यास त्या राज्यांत जो खर्च झाला, त्याच्या दहा टक्के इतकी रक्कम त्या एका चित्राच्या बदल्यांत पदरांत पडते. दहा कोटि डॉलर खर्च झाले असतील, तर त्या फळाची किंमत एक कोटि डॉलर. इतकें महाग फळ कोणत्याही बाजारांत मिळणार नाहीं.

हें जॉर्जिया म्हणजे रशियाच्या दक्षिणेस असलेला त्याच नांवाचा देश नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आग्नेय दिशेस जें राज्य आहे व ज्याची राजधानी अटलांटा आहे, तें हें. पीच हें तेथील अभिमानाचें फळ. आपल्या कोंकणास जसा हापूस, तसें. ह्या राज्यानें चित्रपट व दूरदर्शन मालिका काढणारांस जी सवलत देऊं केली आहे, तिला तिकडे ‘टॅक्स क्रेडिट’ म्हणतात. आपण ह्या लेखापुरतें तिला ‘करजमा’ म्हणूं. कारण जमाखर्चाच्या वहींतील जमेची बाजू डोळ्यांपुढें आणल्याखेरीज तिचें मर्म ध्यानांत येत नाहीं.

आपला गृहस्थ आयकराचा विचार करूं लागला म्हणजे त्यास प्रथम आठवते ती वजावट. विम्याचा हप्ता, भविष्यनिर्वाह निधि वगैरे रकमा उत्पन्नांतून वजा जातात आणि उरलेल्या उत्पन्नावर कर बसतो. वीस टक्के कर भरणाऱ्या मनुष्यास दहा हजारांची वजावट मिळाली, तर त्याचे प्रत्यक्ष वांचतात दोन हजार. करजमेची गोष्ट निराळी आहे. ती उत्पन्नांतून वजा न होतां थेट करांतूनच वजा होते. दहा हजारांची करजमा हातीं असेल, तर दहा हजारांचा कर फिटला. म्हणजे ती नुसती सूट नसून सरकारनें स्वतःविरुद्ध लिहून दिलेली चिठ्ठीच होय. ही चिठ्ठी कोणास द्यावी, किती रकमेची द्यावी आणि ती खरी कीं खोटी हें कोणी पाहावें, ह्या तीन प्रश्नांभोंवतीं पुढील सारी हकीकत फिरते.

हा प्रकार सुरू कसा झाला, तें थोडक्यांत सांगतों. हॉलिवूड हें कॅलिफोर्निया राज्यांत. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील चित्रसंस्था कॅनडांत जाऊं लागल्या. तेथील डॉलर स्वस्त होता, आणि १९९७ सालीं कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारनें परकी संस्थांनाही तेथें दिलेल्या मजुरीवर करजमा देऊं केली. व्हँकूव्हरच्या रस्त्यांवर न्यूयॉर्कच्या पाट्या लागूं लागल्या. अमेरिकेंतील राज्यांपैकीं लुइझियानानें १९९२ सालींच असा एक कायदा केला होता. २००२ मध्यें त्यानें त्यास खरें बळ दिलें आणि चित्रपटांचा ओघ न्यू ऑर्लिन्सकडे वळला. मग २००४ सालीं ‘रे’ हा चित्रपट आला. रे चार्ल्स हा अंध गायक जॉर्जियाचा सुपुत्र. त्यानें गाजविलेलें ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ हें गीत १९७९ सालापासून त्या राज्याचें अधिकृत गीत आहे. आणि त्याच्याच जीवनावरचा चित्रपट मुख्यतः लुइझियानांत चित्रित व्हावा! पंढरपूरच्या विठोबावरचा चित्रपट दुसऱ्या प्रांतांत जाऊन काढावा, तशांतलीच ही गोष्ट. जॉर्जियाच्या पुढाऱ्यांस ती झोंबली. २००५ मध्यें त्यांनीं कायदा केला आणि २००८ मध्यें सवलत वाढवून ती खर्चाच्या वीस टक्क्यांवर नेली; शिवाय पडद्यावर पीच झळकविल्यास आणखी दहा.

आतां ही करजमा मागावयाची कशी तें पाहूं; खरी गंमत आणि खरी जोखीम येथेंच आहे.

प्रत्येक मोठ्या चित्रपटासाठीं बहुधा एक स्वतंत्र कंपनी काढण्यांत येते. चित्रपटाबरोबर ती जन्मते आणि त्याचें देणेंघेणें संपलें कीं मिटते. तिचें मुख्य कारण असें कीं, एका चित्रपटाचा हिशेब दुसऱ्याच्या हिशेबांत मिसळूं नये. ही कंपनी राज्याच्या आर्थिक विकास खात्यांतील चित्रपट कचेरीकडे अर्ज करते. चित्रपट कोणता, चित्रीकरण कोठें, खर्चाचा अंदाज काय, हें सांगावें लागतें. बातम्या व खेळांचे सामने ह्यांच्या प्रक्षेपणास ही सवलत नाहीं. एका करवर्षांत राज्यांत निदान पांच लाख डॉलर खर्च झालाच पाहिजे, अशी अट आहे. कचेरीची खात्री पटली म्हणजे ती एक प्रमाणपत्र देते; पीचच्या दहा टक्क्यांचा निर्णय वेगळा होतो. हें प्रमाणपत्र म्हणजे पैसे नव्हेत. लग्नाची तिथि ठरावी, तेवढाच त्याचा अर्थ. लग्न पार पडावयाचें अद्याप बाकी असतें.

पुढचें सारें काम हिशेबनिसाचें. जॉर्जियांत झालेला खर्च कोणता आणि बाहेरचा कोणता, ह्याची रेघ त्यास रोज ओढावी लागते. लांकूड, खिळे, कापड, वीजजनित्राचें भाडें, शंभर माणसांचें दुपारचें जेवण, हॉटेलांतील खोल्या, हें सर्व राज्यांतील व्यापाऱ्याकडून घेतलें आणि राज्यांतच वापरलें, तर तें पात्र. चित्रपटाची जाहिरात व वितरण ह्यांवरचा खर्च पात्र नाहीं. नुसत्या पावतीवर अटलांटाचा पत्ता असून भागत नाहीं. दुकानदार खरोखर तेथें व्यापार करणारा असावा लागतो. बाहेरच्या राज्यांतून माल मागवून त्यावर केवळ आपला शिक्का मारून पुढें पाठविणारा मधला मनुष्य ह्या कामीं चालत नाहीं.

आमचा एक भाचा कांहीं वर्षें अटलांटा येथें एका चित्रसंस्थेच्या हिशेबखात्यांत होता. त्याच्या एका पत्रांतील मजकूर येथें देण्यासारखा आहे. तो लिहितो : “मामा, लाखांचे आंकडे मला कधीं छळीत नाहींत. लाखाच्या बिलामागें करार असतो, वकील असतो. मला छळतात ते चाळीस डॉलर. वेशभूषेकडची मुलगी ऐन वेळीं धांवत जाऊन बटणें आणते आणि पावती खिशांतल्या खिशांत धुतली जाते. अशा चाळिसांचे दिवसाला शंभर प्रसंग होतात. आजीनें वाण्याच्या पुड्यांवरचे कागद सुद्धां जपून ठेवायची जी संवय लावली, ती इथें मला पगार मिळवून देते.” आमच्या मातोश्रींस हें वाचून दाखविलें, तेव्हां त्यांस विशेष कांहीं वाटलें नाहीं. पावती ठेवावी ह्यांत नवल तें काय, असें त्यांचें म्हणणें पडलें.

पगारांचा भाग अधिक नाजूक आहे. कांहीं राज्यें स्वतःच्या रहिवाशांच्या मजुरीलाच मान देतात, किंवा तिला अधिक टक्के देतात. जॉर्जियाची रीत तशी नाहीं. काम त्या राज्याच्या हद्दींत झालें असलें म्हणजे झालें, करणारा कॅलिफोर्नियाचा असला तरी चालतो. मात्र पगारपत्रकावर असलेल्या एका मनुष्याच्या वेतनापैकीं पहिले पांच लाख डॉलरच हिशेबांत धरतात. हें ऐकून वाचकांस वाटेल कीं, कोट्यधीश नटांचा बंदोबस्त झाला! तसें नाहीं. मोठा नट पगारपत्रकावर क्वचितच असतो. त्याची स्वतःचीच एक कंपनी असते. चित्रसंस्था त्या कंपनीशीं करार करते, आणि ती कंपनी आपल्या ‘नोकरास’, म्हणजे त्याच नटास, कामासाठीं पाठविते. अशा कंपनीस दिलेल्या मोबदल्यास पांच लाखांची मर्यादा लागत नाहीं. राज्यानें त्यास एवढेंच बंधन घातलें आहे कीं, रक्कम देतांना तिच्यांतून जॉर्जियाचा आयकर आधींच कापून घ्यावा. सुतारास मर्यादा आहे आणि नायकास नाहीं, ही गोष्ट आम्हांस तरी शोभिवंत वाटत नाहीं. अर्थात् सुताराचें वेतन पांच लाख डॉलरांपर्यंत पोंचत नसल्यामुळें त्यानें तक्रार केल्याचें कोठें ऐकिवांत नाहीं.

समजा, एवढें सारें यथास्थित झालें. राज्यांत एक कोटि डॉलर पात्र खर्च झाला. वीस टक्क्यांप्रमाणें वीस लाख आणि पीचचे दहा लाख मिळून तीस लाख डॉलरांची करजमा मंजूर झाली. आतां हिच्यांतून कर फेडावयाचा. पण एका चित्रपटापुरत्या ह्या कंपनीस जॉर्जियांत कर असा किती द्यावा लागणार? नफा झालाच तर तो पुढें, आणि बहुधा दुसऱ्याच राज्यांत दिसावयाचा. धरून चालूं कीं तिचा कर एक लाख झाला. राहिलेली एकोणतीस लाखांची चिठ्ठी घेऊन ती करणार काय?

येथें आपल्या जुन्या पेढ्यांवरची हुंडी आठवावी. मुदतीची हुंडी हातीं आहे, पण पैसा आजच हवा, अशा वेळीं व्यापारी ती बट्ट्यानें वटवीत असे. जॉर्जियाच्या कायद्यानें करजमा अशीच विकण्याची मुभा दिली आहे. ज्यास राज्याचा मोठा कर देणें आहे, अशी एखादी कंपनी किंवा धनिक गृहस्थ ती विकत घेतो. एकदां विकलेली करजमा पुढें पुन्हा विकतां येत नाहीं. मध्यें दलाल असतात. व्यवहार झाला कीं तो महसूल खात्यास ठराविक पत्रकानें कळवावा लागतो. भाव डॉलरमागें ऐंशी-नव्वद सेंटांच्या आसपास खेळतो. आपल्या उदाहरणांत अठ्ठ्याऐंशी सेंटांचा भाव आला असें धरलें, तर कंपनीच्या हातीं २५ लाख ५२ हजार डॉलर पडतात. घेणारानें तेवढे मोजले आणि २९ लाखांचा कर फेडला. त्याचे ३ लाख ४८ हजार वांचले. राज्याच्या तिजोरींत मात्र २९ लाख कमी आले. म्हणजे चित्रपटाच्या नांवानें दिलेल्या पैशांतला आठवा हिस्सा चित्रपटाशीं कांहीं संबंध नसलेल्या मनुष्याच्या घरीं गेला. त्या मनुष्यानें कांहीं गैर केलें असें नाहीं; कायद्यानें दार उघडें ठेवलें आणि तो आंत शिरला. तथापि एखाद्या अटलांटावासी दंतवैद्याचा कर ‘ब्लॅक पँथर’मुळें कमी व्हावा, ह्यांतील विनोद कोणाच्याही लक्षांत येईल.

हा बट्टा टाळण्यासाठीं कांहीं राज्यांनीं दुसरी वाट धरली आहे. न्यूयॉर्क व न्यू मेक्सिको येथें कर फेडून उरलेली रक्कम राज्य स्वतःच रोख परत करतें. मध्यें खरेदीदार नाहीं, दलाल नाहीं. कॅलिफोर्नियानेंही आपल्या नव्या योजनेंत, १ जुलै २०२५ पासून, ही सोय केली. विचारान्तीं आम्हांस हीच पद्धति सरळ वाटते. पैसे द्यावयाचे तर उघड द्यावे, म्हणजे किती दिले तें अंदाजपत्रकांत सर्वांस दिसतें. करजमा विकली म्हणजे तेंच दान दुसऱ्याच्या करपत्रकाच्या घडींत लपून बसतें.

जेथें चिठ्ठी म्हणजे पैसाच, तेथें चिठ्ठी लिहिणाराचें मन डळमळण्यास वेळ लागत नाहीं. ह्या बाबतींत आयोवा राज्याची गोष्ट सर्वांस धडा झाली. आयोवा म्हणजे मक्याच्या शेतांचें राज्य. २००७ च्या कायद्यानें त्यानें खर्चाच्या पंचवीस टक्के चित्रपट काढणारास आणि पंचवीस टक्के पैसा गुंतविणारास करजमा देऊं केली, आणि त्याच्या चित्रपट कचेरीनें ‘निम्म्या किंमतींत चित्रपट’ अशी दवंडीच पिटली. कचेरींत माणसें मोजकीं. बिलें तपासणार कोण? २००९ च्या सप्टेंबरांत असें उघडकीस आलें कीं, सवलतीच्या खर्चांत किंमती मोटारी, एक लँड रोव्हर व एक मर्सिडीज, घालण्यांत आल्या होत्या. राज्यपालांनीं योजना तात्काळ थांबविली. पुढें लेखापरीक्षणांत दिलेल्या सवलतींचा फार मोठा भाग नियमाबाहेरचा ठरला. कित्येक निर्मात्यांवर खटले झाले, आणि कचेरीच्या प्रमुख अधिकाऱ्यास २०११ सालीं ज्यूरीनें एका आरोपाखालीं दोषी ठरविलें. दोन वर्षांत एवढें सर्व. चित्रपट कोणते निघाले, हें मात्र आतां तेथील लोकांसही आठवून सांगावें लागेल.

जॉर्जियांत असा गाजावाजा झाला नाहीं, परंतु काळजीचें कारण तेथेंही होतें. पुष्कळ वर्षें करजमेची प्रत्येक मागणी कसोशीनें तपासलीच जाईल असा नियम नव्हता. जानेवारी २०२० मध्यें राज्याच्याच लेखापरीक्षण खात्यानें अहवाल दिला कीं, अपात्र खर्चावरही सवलत दिली गेली आहे आणि तपासणीची व्यवस्था अपुरी आहे. त्याच वर्षीं कायदा बदलला. २०२१ पासून पंचवीस लाख डॉलरांवरील करजमेस, २०२२ पासून साडेबारा लाखांवरील करजमेस आणि २०२३ पासून लहानमोठ्या सर्वच मागण्यांस लेखापरीक्षण सक्तीचें झालें. तें महसूल खातें स्वतः करतें, किंवा खात्यानें मान्य केलेला बाहेरचा हिशेबतपासनीस करतो, आणि त्याचा खर्च चित्रसंस्थेवर. तपासनीस प्रत्येक रकमेमागें तीन प्रश्न विचारतो : पैसे खरोखर दिले गेले काय? ते राज्यांतील मनुष्यास किंवा दुकानास दिले गेले काय? आणि ज्यासाठीं दिले तें काम त्या चित्रपटासाठीं त्या राज्यांत झालें काय? एकाचें उत्तर नकारार्थी आलें कीं ती रक्कम गळते, आणि तिच्याबरोबर तिचे तीस टक्केही गळतात. भाच्याच्या चाळीस डॉलरांचा हिशेब आतां वाचकांस उमगेल : एक पावती हरवली कीं बारा डॉलर गेले, अशा शंभर पावत्या रोज, आणि चित्रीकरण तीन महिने.

शिवाय ही तूट केव्हां पडते, तें पाहण्यासारखें आहे. पुष्कळ संस्था करजमा हातीं येण्यापूर्वींच तिच्यावर पेढीकडून कर्ज उचलतात आणि त्या पैशावरच चित्रपट पुरा करतात. लेखापरीक्षण होतें तें चित्रीकरण आटोपल्यावर, मंडप उठल्यावर, माणसें दुसऱ्या कामांवर गेल्यावर. त्या वेळीं रक्कम कमी भरली, तर कर्ज फेडावयास दुसरा पैसा नसतो. मोठ्या संस्थेस हा चिमटा. लहान निर्मात्याचें मात्र घर जातें. म्हणून अनुभवी निर्माता दिग्दर्शकाबरोबरच, कधीं त्याच्याही आधीं, चांगल्या हिशेबनिसाचा शोध घेतो. करजमा विकत घेणारा देखील तपासून मंजूर झालेल्या रकमेस अधिक भाव देतो, हें ओघानेंच आलें.

आतां मूळ प्रश्न. ह्या सर्वांतून राज्याच्या पदरीं काय पडतें? जॉर्जियाचें सरकार सांगतें कीं, २०२२ च्या आर्थिक वर्षांत चित्रपट व मालिका काढणारांनीं राज्यांत ४.४ अब्ज डॉलर खर्च केले. अटलांटांतील फोर्ट मॅक्फर्सन ही जुनी लष्करी छावणी ओसाड पडली होती. तेथें टायलर पेरी ह्या कृष्णवर्णीय नटनिर्मात्यानें ३३० एकरांचें चित्रनगर उभारलें व २०१९ सालीं त्याचें थाटानें उद्‌घाटन केलें. तरुणांस प्रकाशयोजना, सुतारकाम, ध्वनिमुद्रण शिकविण्यासाठीं राज्यानें २०१५ सालीं संस्था काढली. पंचवीस वर्षांपूर्वीं ज्या शहरांत चित्रपटाचे कारागीर थोडेच होते, तेथें आज त्या धंद्यावर पोट भरणारीं हजारों कुटुंबें आहेत. हें सारें खरें आहे, आणि तें नाकारणें अन्यायाचें होईल.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०२३ च्या अखेरीस राज्याच्याच लेखापरीक्षकांनीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, करजमेंत गेलेल्या प्रत्येक डॉलरामागें कररूपानें तिजोरींत परत येतात अवघे एकोणीस सेंट. बाकीचे एक्क्याऐंशी सेंट शाळा, रस्ते व दवाखाने ह्यांच्या वांट्यांतून गेले असें म्हणावें, कीं ते सुतारांच्या व स्वयंपाक्यांच्या घरीं पोंचले असें म्हणावें, ह्यावर तेथें वाद आहे. आमचें मत विचाराल, तर दोन्ही म्हणणीं एकाच वेळीं खरीं आहेत. फक्त ह्या दानास ‘गुंतवणूक’ हें नांव देऊं नये.

आणि हें दान टिकतें कितपत? चित्रपट हा फिरता पाहुणा. मिशिगन राज्यानें २००८ सालीं बेचाळीस टक्क्यांपर्यंत करजमा देऊं केली, थोडी वर्षें मोठी वर्दळ झाली, आणि २०१५ सालीं राज्यानें ती योजनाच बंद केली. पाहुणे उठून गेले. जॉर्जियांत २०२३ च्या उन्हाळ्यांत लेखक व नट ह्यांचे संप झाले, त्यानंतर ओघ पूर्ववत् झाला नाहीं. ‘ॲव्हेंजर्स’च्या चित्रपटांचें बिऱ्हाड आतां इंग्लंडांत हललें आहे. २०२५ च्या आर्थिक वर्षांतील खर्चाचा सरकारी आंकडा २.३ अब्जांवर उतरला. तिकडे कॅलिफोर्नियानें त्याच वर्षीं आपली वार्षिक रक्कम ३३ कोटि डॉलरांवरून ७५ कोटींवर नेली. न्यूयॉर्कनें आपली ८० कोटींवर नेली. एकत्र कुटुंबांत एकच पाहुणा यावा, तिघां भावांनीं त्यास आपापल्या ओसरीवर ओढावें, आणि प्रत्येकानें त्याच्या पानावर वाढावयाचें तूप मात्र सामाईक कोठींतूनच काढावें, असा हा देखावा आहे. देशांत निघणारे चित्रपट त्यामुळें फारसे वाढत नाहींत. ते कोणत्या ओसरीवर जेवतात, एवढेंच बदलतें.

आपल्याकडे ह्याच गोष्टीचा उगम अगदीं निराळा. मुंबई इलाख्यांत १९२३ सालीं करमणूक कर आला, आणि पुढें सरकारची मर्जी म्हणजे तो कर माफ करणें. ‘करमुक्त’ ही पाटी आपल्यांपैकीं अनेकांनीं चित्रगृहावर पाहिली आहे. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि करमणूक कर त्यांत विलीन झाला. महाराष्ट्र सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांस अनुदान देतें तें चित्रपट पुरा झाल्यावर, समितीनें तो पाहून त्यास श्रेणी दिल्यावर. म्हणजे आपल्याकडे परीक्षक चित्रपट पाहतो. जॉर्जियांतील परीक्षक बिलें पाहतो. चित्रपटाचीं शेवटचीं कांहीं सेकंद, पीच दिसतें कीं नाहीं एवढ्यापुरतीं, पाहिलीं तरी त्याचें काम भागतें. चित्रपट भिकार निघाला तरी सुताराची मजुरी ती मजुरीच. समितीच्या आवडीनिवडीबद्दल आपल्याकडे दरवर्षीं कुरकुर होते; तिकडे ती होत नाहीं. उलट, मराठींतील एखादा लहानसा, सुंदर चित्रपट जसा येथें अनुदानानें तरतो, तसा तो तिकडच्या नियमांत उभाच राहूं शकत नाहीं. भारत सरकारनें परकी चित्रसंस्थांसाठीं मात्र तिकडचीच रीत उचलली आहे : भारतांत केलेल्या पात्र खर्चाच्या तीस टक्के परत देण्याची योजना २०२२ सालीं जाहीर झाली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरांत ती चाळीस टक्क्यांपर्यंत व कमाल तीस कोटि रुपयांपर्यंत वाढविण्यांत आली. येथेंही पुन्हा पावत्या आणि लेखापरीक्षकाचा दाखला.

अमेरिकेंत जाऊन चित्रीकरण करणारे मराठी निर्माते आतां दुर्मिळ राहिले नाहींत. तेथील महाराष्ट्र मंडळांतील हौशी मंडळीही लहान चित्रपट काढूं लागलीं आहेत. त्यांनीं जॉर्जियाचा पांच लाख डॉलरांचा उंबरठा आधीं पाहावा. तो चार कोटि रुपयांहून अधिक होतो. पुष्कळ मराठी चित्रपटांचें सारें अंदाजपत्रक त्यांत बुडून जाईल. मॅसॅच्युसेट्स राज्यांत हाच उंबरठा पन्नास हजार डॉलरांचा आहे, करजमा पंचवीस टक्क्यांची आहे, आणि ती विकावयाची नसेल तर नव्वद टक्के रक्कम राज्य स्वतः परत करतें. मात्र कोणत्याही राज्यांत जावयाचें झालें, तरी तेथील कचेरीचे चालू नियम आणावे, अर्ज कोणत्या टप्प्यावर करावयाचा तें विचारून घ्यावें, आणि चित्रपटासाठीं निराळें बँकखातें उघडून पहिल्या दिवसाच्या चहाची पावतीसुद्धां त्या खात्याच्या फाइलींत लावावी.